सत्ताविसाव्या वर्षी सेवानिवृत्त

शनिवारी दुपारी सव्वातीन वाजता, तलासरीतल्या एका लग्नाच्या हॉलमध्ये, झाई गावच्या चिमणने वेबसाइट बनवायचं काम कायमचं सोडलं. टाळ्या पडल्या. पण ते झालंच नाही असं धरून आपण सकाळपासून सुरुवात करू.

सकाळी चिमण वेब डिझायनरच होता. डहाणूला झेरॉक्सच्या दुकानावर त्याची एक खोली होती. चार वर्षांत त्याने एक्केचाळीस वेबसाइट बनवल्या होत्या, त्यातल्या तेहतीस चिकूवाडीतल्या होमस्टेच्या. तेहतीसही ठिकाणी वर एकच सूर्यास्त. तो सूर्यसुद्धा आता चिमणकडे बघून कंटाळला होता. हल्ली लॅपटॉप उघडला की आधी जांभई यायची, मग वेबसाइट. उंबरगावच्या एका कारखान्यात चुलतभाऊ विनोद सुपरवायझर होता. त्याने सोमवारच्या आठच्या पाळीला चिमणसाठी जागा धरून ठेवली होती. काम डब्यांना झाकणं लावायचं. चिमणने ठरवलं, आजच्या वेब डिझायनरांच्या संमेलनात उमेद परत आली तर खोली, नाही तर झाकण.

संमेलन जिग्नेशने भरवलं होतं. तो तलासरीचा; वेबसाइट कमी बनवायचा, कार्यक्रम जास्त. स्टेजमागचं ‘शुभविवाह’ काढायला हॉलवाल्याने नकार दिला, म्हणून जिग्नेशने त्याखाली ‘आणि वेब डिझाइन’ चिकटवलं. सत्तर लोक आले. त्यात डिझायनर अठ्ठावीस. बाकीच्यांना दारातला मांडव दिसला होता.

पहिल्या वक्त्याने पडद्यावर निळ्या रंगाच्या दोनशे छटा दाखवल्या. चिमणने उमेद आली का ते तपासलं. नव्हती. दुसऱ्याने सांगितलं, यापुढे सगळं मशीनच बनवणार. मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, “जेवणपण?” दिवसभरातला हा पहिला नेमका प्रश्न, असं चिमणला वाटलं.

जेवणानंतर ‘मन मोकळं करा’ असं सत्र होतं. माइक फिरत फिरत चिमणकडे आला.

“मी हे काम सोडतोय,” तो म्हणाला. “सोमवारपासून झाकणं.”

आता या भागात काम सोडणाऱ्याला कोणी रिकाम्या हाताने जाऊ देत नाही. शाळेतले गुरुजी असोत की एसटीचे कंडक्टर, शाल-श्रीफळ द्यावंच लागतं. जिग्नेशकडे पाहुण्यांसाठी आणलेल्यांतली एक शाल उरली होती. दोन मिनिटांत चिमण स्टेजवर, खांद्यावर शाल, हातात नारळ.

“भाईने चार वर्षं प्रदीर्घ सेवा दिली!” जिग्नेश माइकवर म्हणाला.

“अरे, मी सत्तावीस वर्षांचा आहे.”

“म्हणून तर! एवढ्या लवकर कोणाला जमतंय?”

फोटो झाईच्या ग्रुपवर गेला. तिघांनी लगेच ‘उर्वरित आयुष्य सुखाचे जावो’ लिहिलं.

चिमण बाहेर आला तर गेटपाशी चंद्रा आत्या. मांडव म्हणजे गर्दी, म्हणून ती सुक्या बोंबलांची टोपली घेऊन बसली होती.

“कोणाचं लगीन रे?”

“लगीन नाही. माझी रिटायरमेंट.”

“बरं झालं. पण तू करायचास काय नक्की? चार वर्षं विचारीन विचारीन म्हणत राहूनच गेलं.”

चिमणने फोनवर एक होमस्टे दाखवला. आत्याने बोट लावलं आणि पान सरळ तळाला ढकललं.

“अगं, वर बघ ना. सूर्यास्त आहे.”

“वर कोण बघतंय? खाली काय?”

खाली ‘सर्व हक्क राखीव’ होतं.

“बस? एवढंच?”

तेवढ्यात एक गिऱ्हाईक बाई आली. वरच्या बोंबलांकडे तिने बघितलंही नाही. हात थेट तळाला घातला, वास घेतला, खूश होऊन घेऊन गेली.

“बघितलंस? विकणारी खराब माल खाली दडवते, असं सगळ्यांना वाटतं. म्हणून मी चांगला खाली ठेवते. तीस वर्षं झाली.”

“आणि वर?”

“वर तुझा सूर्यास्त.”

चिमण पायरीवर बसला. वेबसाइटवर कोण येतं, कुठे थांबतं, ही कधीच न बघितलेली आकडेवारी त्याने उघडली. लोक येत होते, सूर्यास्तावर दोन सेकंद काढत होते आणि तळाला जाऊन थांबत होते. बराच वेळ. कशासाठी? तिथे तर काहीच नव्हतं. रस्ता शोधतात? मालकिणीचं नाव? जेवण? त्याला माहीत नव्हतं, आणि हे माहीत नसणं चार वर्षांत पहिल्यांदाच त्याला सहन होईना. त्याने कोसबाडच्या होमस्टेवाल्या रूपीताईंच्या पानाच्या तळाला त्यांचा नंबर टाकला, नंबराशेजारी ‘सकाळी गरम भाकरी’ एवढंच लिहिलं आणि बघत बसला. जांभई आली नाही.

साडेचारला रूपीताईंचा फोन. “चिमण, सुरतची एक बाई विचारते, भाकरी तांदळाची की नाचणीची? हिला कोणी सांगितलं?”

चिमणने विनोदला ‘सोमवारी येत नाही’ असं कळवलं आणि जिग्नेशला गाठलं.

“सत्कार परत घे.”

“तशी पद्धत नाही, भाई. अर्ज दे, बघू.”

चिमणने तिथेच संमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेच्या मागे लिहिलं:

मा. अध्यक्ष, वेब डिझायनर संमेलन, तलासरी.
विषय: शनिवारची दुपार अंशतः रद्द करणेबाबत.

महोदय, अर्जदार अनवधानाने सेवानिवृत्त झाला आहे. तरी दुपारी सव्वातीन ते साडेचार हा कालावधी झालाच नाही असे समजण्यात यावे. शाल (सध्या बोंबलांवर पांघरलेली) परत घेण्यात यावी. श्रीफळ (आत्याने फोडलेले) पूर्ववत करण्यात यावे. आणि कालावधी रद्द करताना आत्याशी झालेले बोलणे तेवढे शिल्लक ठेवण्यात यावे, ही नम्र विनंती.