अकरा मिनिटांनी धाकटा

मित्रांनो, मी एक जुना खांब आहे. घराला आधार देणारा नाही आणि झेंड्याचाही नाही. मी उंची मोजायचा लाकडी खांब. अंगावर सेंटीमीटरचे आकडे, वरखाली सरकणारी एक फळी आणि पायाशी उभे राहायला छोटासा पाट, एवढाच माझा संसार. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी वसाहतीजवळ हॉकीचे एक मैदान आहे. तिथल्या सामानाच्या खोलीमागे सध्या मी आडवा पडून असतो. मुले मला खंभा म्हणत. आता काहीच म्हणत नाहीत.

आधीच सांगून ठेवतो, मी थापाड्या आहे. माझ्या जन्माच्या चार कथा मी सांगतो आणि चारही एकमेकींशी भांडतात. एकीत मी बादशहाच्या हत्तीचा खुंट होतो. दुसरीत एका देवदाराने मरताना मला मृत्युपत्र करून दिल्लीला पाठवले. खरे विचाराल तर पहाडगंजच्या एका घाऊक दुकानामागे, आरशांच्या खोक्यांच्या फळ्या जोडून एका सुताराने मला दीड तासात ठोकले आणि तो चहा प्यायला गेला. एक गोलरक्षक इतका उंच होता की त्याच्या डोक्यावर फळी टेकवायला सरांना कडुलिंबावर चढावे लागले, आणि उतरेपर्यंत तो आणखी दोन सेंटीमीटर वाढला होता, हेही मीच पसरवलेले आहे. त्यातला कडुलिंब तेवढा खरा.

पण फळी डोक्याला टेकली की माझी जीभ थांबते. मग आकडा बोलतो, आणि तो खरेच बोलतो. तिथे मला लबाडी जमत नाही. मी जे काही वाईट केले, ते या खरेपणानेच केले.

मला विकत आणले नरसिंह सरांनी. ते मुलांना हॉकी शिकवत. आवाज असा की मैदानावर बोलले तर वसाहतीतले कुत्रे रांगेत उभे राहत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी ते सगळ्यांना माझ्यापुढे उभे करीत आणि आकडे वहीत लिहीत. सुरुवातीला त्यात नुसती मजा होती. मुले केसांचा फुगा करून येत, मोज्यांत पुठ्ठा घालून येत. यतीन नावाचा एक मुलगा तर येण्याआधी अर्धा तास फांदीला लोंबकळे आणि हात दुखून मग त्याला स्टिक धरता येत नसे.

मग चौदा वर्षांखालच्या स्पर्धांमध्ये आमचा संघ सलग तीन वर्षे हरला. सरांच्या मनाने घेतले की समोरून येतात ती मुले नसतातच. ते म्हणत, "सामने बच्चे नहीं आते, बच्चों के चाचा आते हैं." एके दिवशी त्यांनी लाल रंगाचा डबा आणला आणि माझ्या अंगावर एकशे पन्नासाच्या आकड्यावर एक रेष ओढली. रेषेच्या वर डोके गेले तर मोठे मैदान आणि संघाची निवड. खाली राहिले तर पलीकडचा सिमेंटचा तुकडा. तिथल्या मुलांना सगळे छोटू म्हणत. तेरा वर्षांचा मुलगाही छोटू आणि आठ वर्षांचाही छोटूच.

सर वाईट नव्हते, मित्रांनो. त्यांना जिंकायचे होते आणि त्यांना घाई होती.

उन्मेष आणि सुधन्वा अकराव्या वर्षी आमच्याकडे आले. जुळे भाऊ. वडील उल्हास साळवे केंद्र सरकारच्या नोकरीत, अकोल्याहून बदली होऊन आलेले. आई स्वरूपाताई रोज सकाळी दोघांना सोडायला येत आणि कुंपणापाशी उभ्या राहून दोघांच्या नावाने आळीपाळीने ओरडत. उन्मेष अकरा मिनिटांनी मोठा. त्या अकरा मिनिटांचा त्याला फार अभिमान होता. धाकट्यावर हुकूम सोडायचा झाला की तो ती मिनिटे पुढे करी, आणि सुधन्वा म्हणे, "तू घाईत निघालास यार. मी आरामात आलो."

पहिल्या रविवारी दोघांची उंची सारखीच भरली होती, एकशे सदतीस.

पुढच्या दोन-अडीच वर्षांत उन्मेषच्या अंगात काय शिरले देव जाणे. दर महिन्याला फळी वर. आवाज फुटला, ओठावर काळसर रेघ आली, बूट दर तीन महिन्यांनी बदलू लागले. मी सांगत असे की त्याची हाडे वाढताना कुरकुर आवाज येतो आणि तो ऐकून खारी पळून जातात. तेराव्या वर्षी तो एकशे एकोणसत्तर भरला. सुधन्वा त्याच दिवशी एकशे बेचाळीस.

खेळात मात्र उलटे होते. सुधन्वाच्या स्टिकला चेंडू चिकटून राही. तीन मोठ्या मुलांच्या मधून तो असा निघे की ती तिघे एकमेकांवर आपटत. उन्मेषला सरांनी मागे उभा केला होता. आला चेंडू की जोरात मार, एवढेच त्याला सांगितले होते. त्याचा फटका बघून समोरची मुले बाजूला होत, त्यामुळे त्याला चुकवून जाण्याची वेळच कधी आली नाही. जे लागत नाही ते कोण शिकवतो?

निवडीच्या सकाळी दाट धुके होते. सुधन्वा माझ्या पाटावर चढला. त्याने मान ताणली, श्वास धरला. टाचा उचलल्या नाहीत. तसले तो करत नसे. मी आकडा सांगितला. सरांनी वहीतून डोके वर न काढता हात सिमेंटच्या दिशेने केला. उन्मेष म्हणाला की सर, माझ्याकडे येणारा प्रत्येक चांगला चेंडू हाच देतो. सर म्हणाले, "खंभे से पूछ, मुझसे नहीं."

असा माझा मान वाढला, मित्रांनो. कुणी चुकले तर लोक माणसाला शिव्या देतात. खंभ्याशी कोण भांडणार?

संघ शहरातल्या एका मोठ्या स्पर्धेला गेला. तिथे वयाची खात्री करायला मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढत होते. हाडे किती पिकली ते पाहून वय ठरवायचे. उन्मेषच्या मनगटाने सांगितले, सोळाच्या वर. दुपारपर्यंत त्याचे नाव यादीतून गेले आणि संध्याकाळपर्यंत दोन वर्षांची बंदी आली. कारण लिहिले होते, वय लपवले.

उल्हासराव शांत गृहस्थ. त्यांनी अर्ज केला आणि चौकशी मागितली. मधल्या काळात सुधन्वाचाही एक्स-रे काढायला लावला गेला. त्याचे मनगट म्हणाले, अकरा. एका दिवशी, एका आईच्या पोटी आलेल्या दोघांत यंत्राने पाच वर्षांचे अंतर पाडले. उल्हासरावांना वाटले, आता तरी कुणी हसेल आणि म्हणेल, अच्छा, म्हणजे एक लवकर वाढतोय आणि एक उशिरा.

चौकशीला तिघे जण आमच्या मैदानावरच आले. दोन अधिकारी आणि एक डॉक्टर. खुर्च्या माझ्याजवळच मांडल्या, म्हणून मला सगळे ऐकू आले. उल्हासरावांनी दोन जन्मदाखले पुढे ठेवले. त्यांचे असे झाले होते की दिल्लीला बदली झाली तेव्हा शाळेसाठी त्यांनी दोन्ही दाखल्यांच्या नव्या प्रती एकदमच काढून आणल्या होत्या. बदलीची नोकरी असलेले सगळेच असे करतात. पण त्यामुळे तारीख नवी, सही एकाच कारकुनाची आणि क्रमांक एकामागून एक. मोठ्या साहेबांनी दाखले उलटसुलट केले आणि म्हणाले की हे तर दोन्ही एकत्र बनवून आणलेले दिसतात.

स्वरूपाताई मागे उभ्या होत्या. त्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "साहब, बच्चे भी एक साथ ही लाई थी घर."

डॉक्टर थोडेसे हसले. ते म्हणाले, असे होऊ शकते, मुले सारखी वाढत नाहीत, एक्स-रे हाडाचे वय सांगतो, वाढदिवस नाही सांगत. साहेबांना हे पटायला लागले होते असे मला वाटते. त्यांनी पेनाचे टोपणही लावले होते. तेवढ्यात दुसरे अधिकारी म्हणाले, जुळे आहेत ना, मग जरा शेजारी उभे करून बघू.

आणि सर्वांनी माझ्याकडे पाहिले.

उन्मेष आधी आला. त्याने गुडघे वाकवले होते. थोडेसेच, पँटमधून कळू नये इतके. आयुष्यात पहिल्यांदा तो मुलगा छोटा व्हायचा प्रयत्न करत होता. सरांनी त्याचे गुडघे मागे दाबले. एकशे सत्तर. मग सुधन्वा आला. त्याने ज्या टाचा निवडीच्या दिवशी उचलल्या नव्हत्या, त्या आज भावासाठी उचलल्या. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्या खाली टेकवल्या. एकशे त्रेचाळीस.

मला त्या दिवशी खोटे बोलायचे होते. हत्ती, देवदार, गोलरक्षक, खारी, सगळ्या थापा विकून मला पाच सेंटीमीटरची एक थाप हवी होती. फळी अडकावी म्हणून मी अंग फुगवले. ती गुळगुळीत सरकली.

साहेबांनी पेनाचे टोपण काढले. सत्तावीस सेंटीमीटर, ते म्हणाले, और आप कहते हैं जुड़वाँ. बंदी कायम झाली.

खुर्च्या उचलल्यावर नरसिंह सरांनी वही मिटली. मग सुधन्वाला जवळ बोलावून म्हणाले की संघात एक जागा रिकामी आहे, तुझ्या एक्स-रेवर कुणी बोट ठेवणार नाही, परवापासून मोठ्या मैदानावर ये. सुधन्वाने भावाकडे पाहिले. उन्मेष म्हणाला, "जा ना. तू माझ्यापेक्षा चांगला खेळतोस. सगळ्यांना माहीत आहे यार."

सुधन्वाने सरांना विचारले, "सर, और लंबाई?"

"छोड़ लंबाई."

"तो पहले क्यों नहीं छोड़ी?"

सरांनी वही काखेत घातली. सुधन्वा स्टिक खांद्यावर टाकून चालू लागला. उन्मेष त्याच्या मागून. कुंपणापाशी स्वरूपाताईंनी दोघांच्या पाठीवर हात ठेवला. एक हात उंच, एक हात खाली. त्या दिवशी त्या कुणाच्याच नावाने ओरडल्या नाहीत.

पुढे मैदानावर बटण दाबले की आकडा दाखवणारे यंत्र आले. त्याला चुकून कुणी टेकले तरी ते टिंग असे वाजते. सरांनी मला खोलीमागे आडवे टाकले. माझ्यावर जाळी वाळत घालतात, एका बाजूला वाळवी लागली आहे.

बंदी दोन वर्षांची होती, पण खोटा हा शब्द अंगातून निघायला उन्मेषला आणखी दीड वर्ष लागले. गेल्या हिवाळ्यात मोठ्या गटाच्या निवडीला दोघे भाऊ मैदानावर आले. मी आडवा होतो, तरी नजरेने मोजलेच. खोड जात नाही. नरसिंह सर आता चष्मा लावतात. त्यांनी दोघांतल्या उंच मुलाला मिठी मारली आणि म्हणाले, "आ गया उन्मेष."

"सर, मैं सुधन्वा," तो मुलगा म्हणाला.

सर मागे सरकले. सुधन्वा आता भावाहून तीन बोटे उंच होता, खांदे रुंद, मनगट जाड. सरांनी त्याच्या हातांकडे पाहिले. ते रिकामे होते. खेळणार का, असे त्यांनी विचारले. सुधन्वा म्हणाला की त्या दिवसानंतर त्याने स्टिक धरलेली नाही. आज तो फक्त भावाला सोडायला आला आहे.

उन्मेष खेळला. आता सगळेच त्याच्याएवढे होते. त्याचा फटका अजून जोराचा होता, पण आता कुणी बाजूला होत नव्हते. कुणाला चुकवून पुढे जायचे कसे, हे त्याला कुणी शिकवलेच नव्हते. तो तीनदा अडला, चौथ्यांदा चेंडू समोरच्याने हिसकावून नेला. कुंपणाबाहेर सुधन्वाचा उजवा खांदा प्रत्येक वेळी नकळत हलत होता, आधी डावीकडे, मग झटकन उजवीकडे. कसे सुटायचे ते त्याच्या अंगाला अजून ठाऊक होते. पण ते अंग कुंपणाच्या बाहेर होते.

यादीत उन्मेषचे नाव आले नाही. दोघे भाऊ गेटजवळच्या गाडीवर उभे राहून चहा प्यायले आणि मेट्रोकडे गेले. सर त्यांच्या पाठीकडे पाहत राहिले. मग ते माझ्याजवळ येऊन बसले, माझ्या अंगावरच.

तर मित्रांनो, माझ्या बाकीच्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका, ही एवढी ठेवा. मोजायला माझी हरकत नाही. तुमच्या घरात दाराच्या चौकटीवर खुणा करा, शाळेत करा, मैदानावर करा. पण तो आकडा त्या सकाळचा असतो. त्यावरून मुलाला बाहेर काढू नका आणि त्यावरून त्याला खोटाही ठरवू नका. जो लवकर वाढला त्याला शिकवत राहा, नाहीतर त्याला वाटेल की आपल्याला येते सगळे. जो मागे राहिला त्याला खेळत ठेवा. त्याची हाडे येतील त्यांच्या वेळेने. ती येतील तेव्हा त्याच्या हातात स्टिक असली पाहिजे, एवढे मात्र मोठ्यांनी बघायचे असते.