पाद्रीबाबाच्या गावचा नरक

शालूच्या बापाले मी कधी भित्रा नाई म्हनलं. आमच्या भाजीच्या मळ्यात साप निघाला त शेपूट धरून फेकते तो मानूस. पन अकोल्याच्या मिशन दवाखान्याच्या दारातून तो असा मांगं फिरला, का मले त्याचं धोतरच धरा लागलं.

मानेवर काळपुळी झाली होती, लिंबाएवढी. ताप उतरेना. माहा देर, याचा भाऊ, अशाच काळपुळीनं गेला, कापाले उशीर झाला म्हनून. मी बार्शीटाकळीहून बंडी जुपून आनलं याले, अन् हा म्हनते, "घरी चाल."

"काहून?"

त्यानं भिंतीकडं बोट केलं. तिथं हे मोठं चित्र टांगलेलं. उघडेनागडे मानसं, अन् केसाळ राक्षस त्यायले करवतीनं कापून राहिले.

"न्हाव्याच्या दुकानावर वस्तऱ्याचं चित्र काढते, तसं इथं काय करते ते बाहेरच लावलं," तो म्हने.

आता काय म्हनावं अशा मानसाले? पन खोटं काहून बोलू, मी बी एक पाऊल मांगं सरली.

तेवढ्यात डाक्टर पाद्री बाहेर आला. पांढऱ्या दाढीचा, इटली मुलखाचा. वाहेद कंपाउंडर त्याचं बोलनं आमाले सांगे. "हा नरक हाय, बाई. पाद्रीबाबाच्या गावच्या देवळात, गिलावा ओला असतानाच रंगवला, सहाशे वर्सं झाले. गावची याद येते म्हनून त्याचं चित्र लावलं."

"याद येते म्हनून नरक टांगते का कोनी?" मी म्हनलं. दोघंबी हसले.

शालूचा बाप नाई हसला. "यायच्या छपराखाली मेलो, त यायच्याच नरकात नेतीन मले," तो म्हने. डोळे भरून आले होते त्याचे. "विचार त्यायले, याच्यात कोन कोन हाय?"

पाद्र्यानं दाखवलं. हा राजा, हा सरदार, हा त्यायचाच मोठा पाद्री.

"भाजीवाला माळी हाय का कोनी?"

पाद्र्यानं चष्मा लावला, एक हात चित्राच्या कोपऱ्याले टेकवून खालपासून वरपर्यंत पाह्यलं, अन् मान हलवली.

"एकबी नाई," वाहेद म्हने.

"मंग कापा," म्हनून शालूचा बाप आत गेला.

मी बाहेरच थांबली. पाद्र्याचा हात जिथं टेकला होता, तिथं सहज नजर गेली. एक मानूस होता. डोक्यावर भाजीचं टोपलं, गळ्यात तराजू, अन् मांगून राक्षस त्याले हाकलून राहिला. स्वतःच्या गावचं चित्र, पाद्र्याले ठाऊक नसन का?

घंटाभरानं शालूचा बाप बाहेर आला, मानेले पट्टी बांधून. "भाकर दे, भूक लागली," म्हने. माहा जीव भांड्यात पडला. रडूच आलं मले.

"चाल ना," तो म्हने.

"तू हो पुढं," मी म्हनलं, अन् तो बंडीत बसेपर्यंत त्या कोपऱ्याले पाठ लावून उभी राह्यली.