सिस्टरची आई

आमच्या गावात ‘सिस्टर’ हा शब्द माझ्याबरोबरच आला. राजूरच्या पलीकडे, एस.टी.च्या रस्त्यापासून आत असलेलं गाव. सरकारने तिथे एका खोलीचं आरोग्य उपकेंद्र काढलं आणि मला, म्हणजे कौसल्येला, माझ्याच गावात नर्स म्हणून नेमलं. त्या दिवसापासून पाटलापासून गिरणीवाल्यापर्यंत सगळ्यांची मी सिस्टर. माझ्या दुप्पट वयाचे बाप्ये सिस्टर म्हणायचे, शेंबडी पोरंही सिस्टर म्हणायची. कंडक्टर तर गच्च भरलेल्या गाडीत सिस्टरला जागा करून द्यायचा आणि तिकीट फाडता फाडता हळूच आडनाव विचारायचा.

औरंगाबादला ट्रेनिंगला होते तेव्हा आमच्या केरळच्या ट्यूटरबाईंनी या शब्दाची कुळकथा सांगितली होती. फार पूर्वी तिकडे विलायतेत देवाला वाहून घेतलेल्या बायका आजाऱ्यांची सेवा करायच्या. त्या कुणाच्या बायका नव्हत्या, कुणाच्या आया नव्हत्या, म्हणून लोक त्यांना बहीण म्हणू लागले. पुढे दवाखाने वाढले, बिनदेवाच्या नर्सा आल्या, पण शब्द तिथेच राहिला आणि वॉर्डाच्या मुख्य नर्सला चिकटला. साध्या नर्सला तिकडे सिस्टर म्हणत नाहीत म्हणे. आपल्याकडे कारभार उदार: जिच्या अंगावर पांढरं लुगडं ती सिस्टर.

माझा धाकटा भाऊ वसंता बदनापूरला मास्तर होता. त्याने यात भर घातली. इंग्रजीतली सिस्टर आणि संस्कृतातली स्वसा एकाच घरच्या, म्हणाला. मी म्हटलं, बरं झालं बाबा, शब्दाचं तरी नातं निघालं, आपलं कुठं निघतंय.

माझी आई सोनूबाई गावची सुईण होती. अर्ध्या गावाला तिनेच या जगात ओढून काढलेलं, आणि ते अर्धं गाव मोठं झाल्यावर तिला ‘सोने’ अशी हाक मारायचं. कळा सुरू झाल्या की तिला बोलावणं यायचं. ती मागच्या दाराने आत जायची, नाळ कापायची, वार पुरायची, सगळी घाण धुवायची आणि मागच्याच दाराने बाहेर पडायची. ती गेली की घरात गोमूत्र शिंपडत. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो तेव्हा आईने घरातले देव स्वतःच्या हाताने नदीत सोडले. गावाचं मागचं दार मात्र होतं तिथेच राहिलं.

मला ओसरीवर खुर्ची मिळायची. काम तेच, हातही त्याच घरचे. फक्त माझ्यासाठी एक वेगळा कप ओसरीच्या कोनाड्यात पालथा ठेवलेला असायचा. आईला तरी त्या शब्दाचं कोण कौतुक! ‘‘कौसे, तुला आता कुनी अरेतुरे करत न्हाई गं,’’ म्हणायची आणि स्वतःशीच हसायची. मला मात्र कळत होतं की हा शब्द त्यांच्या सोयीचा आहे. ताई म्हणावं तर नातं लागतं, बाई म्हणावं तर मान द्यावा लागतो, कौसल्या म्हणावं तर सोनीची पोर आठवते. सिस्टर म्हटलं की काहीच आठवावं लागत नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या जुलैअखेरीस मुंबईला ठराव झाला की मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं. आमच्या वस्तीत गूळ वाटला. गावाने आमच्याशी बोलणं टाकलं. मग रोज एक बातमी यायला लागली: अमक्या गावी झोपड्या जाळल्या, तमक्या गावी माणसं रानात पळाली. वसंताने दोनदा निरोप पाठवला की दोघी बदनापूरला निघून या. आई ऐकेना.

‘‘समदी माझ्या हातची पोरं हायेत,’’ ती म्हणाली. ‘‘मला काय करतेत?’’

त्या दिवशी भर दुपारी सर्जेराव पाटलाचा गडी उपकेंद्रावर आला. सर्जेरावाची बायको पुष्पा पहिलटकरीण होती. तिला कळा सुरू झाल्या, सिस्टरला जल्दी बोलावलंय. मी पेटी उचलली. जाता जाता घरात डोकावले. आई चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. ‘‘पाटलाकडे चाललेय, रात्र होईल,’’ म्हटलं. ‘‘जा, पहिली येळ हाय तिची, लई बोलू नको तिला,’’ आई म्हणाली.

पुष्पाला तपासलं तर अजून बराच अवकाश होता. मी सासूला, दुर्गाबाईंना, तसं सांगितलं आणि म्हटलं, घरी जाऊन दोन घास खाऊन येते.

‘‘आज हितंच थांबा, सिस्टर,’’ दुर्गाबाई म्हणाल्या. त्यांनी स्वतः उठून पुढच्या दाराला अडसर घातला, मागच्या दाराला कडी लावली. मग चहा आला. कोनाड्यातल्या कपात नाही, घरातल्या स्टीलच्या कपबशीत. ती कपबशी मी तशीच खाली ठेवली. पाटलाच्या घरी एवढा मान फुकट मिळत नसतो.

‘‘मालक कुठं गेलेत?’’ मी विचारलं.

‘‘गेलेत पारावर. समदेच गेलेत.’’

‘‘बाई, खरं सांगा.’’

त्या माझ्याकडे न बघता बोलल्या. ‘‘सिस्टरच्या अंगाला हात लावायचा न्हाई, असं सर्जेरावनं बजावलंय समद्यांला. म्हनून तर तुम्हाला आधीच बोलावून घेतलं. ह्याच्यावर मानसानं आनखी काय करावं?’’

‘‘आणि माझी आई?’’

‘‘तिचं काई बोलनं झालं न्हाई.’’

बसून, पानतंबाखू खाऊन, रीतसर ठरवलं होतं यांनी. वस्ती पेटवायची, सिस्टर वगळायची. कारण सिस्टर दवाखान्यातून येते, पांढऱ्या लुगड्यात येते, तिला मागे-पुढे कुणी नसतं. तिला एक आई असेल, ती आत्ता चुलीपुढे बसली असेल, हे त्या शब्दात बसतच नव्हतं.

मी पुढच्या दाराकडे धावले. दुर्गाबाई अडसरापुढे उभ्या राहिल्या. अंगाने थोराड बाई. तेवढ्यात आत पुष्पाने किंकाळी फोडली. पाणमोट फुटली होती. वेळ आहे म्हणून मी सांगितलं खरं, पण कळांनी एकदम जोर धरला होता. मी आत गेले, तिच्या उशाशी भिंतीला टेकून बसले आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

‘‘माझ्या आईला आणा. ती या घरात आल्याशिवाय मी हात लावणार नाही.’’

‘‘सिस्टरनं असं बोलू न्हाई,’’ दुर्गाबाई म्हणाल्या.

‘‘मग कौसल्या बोलतेय असं समजा.’’

पुष्पा घामाने निथळत होती. वय असेल अठरा-एकोणीस. तिने माझा पदर धरला. ‘‘मी काय केलं हो?’’ म्हणाली. मग सासूकडे मान वळवून ओरडली, ‘‘आत्याबाई, आना ना त्यांच्या आईला! म्या मरून राह्यले!’’ तिने काहीच केलं नव्हतं हे मलाही कळत होतं. तरी मी हात पदराखालीच ठेवले. माझ्याजवळ दुसरं होतं काय?

दुर्गाबाई उठून गोठ्याकडे गेल्या. गड्याशी हलक्या आवाजात काही बोलल्या, परत आल्या, कडी लावली. ‘‘गडी धाडला,’’ म्हणाल्या. ‘‘सोनीला घेऊन येईल मागच्या दारानं. आता तरी बघा माझ्या सुनंकडं.’’

मी विश्वास ठेवला. पदर खोचला, हात धुतले आणि कामाला लागले.

वस्तीकडून गलका ऐकू यायला लागला. आधी वाटलं, जनावरं हुसकतायत. मग गवत जळल्याचा वास आला, आणि त्याच्यामागून रॉकेलचा. मी पुष्पाला म्हणत होते, ‘‘दम घे, आता कळ दे,’’ आणि कान मागच्या दाराकडे होते. बाळाचं डोकं दिसायला लागलं तेव्हा कडी वाजली.

हलकेच वाजली. घरच्या लोकांना राग येऊ नये अशी. जन्मभर लोकांच्या मागच्या दारांवर आई अशीच कडी वाजवत आली होती, आणि पाठीशी गाव लागलेलं असतानाही तिच्या हाताची सवय गेली नव्हती.

‘‘बाई, आई आली. कडी काढा.’’

दुर्गाबाईंनी पुष्पाचे खांदे धरले होते. ‘‘काढते,’’ म्हणाल्या. उठल्या नाहीत.

कडी पुन्हा वाजली, जोरात. माझा डावा हात बाळाच्या डोक्यावर होता. डोकं बाहेर पडताना तो हात सोडला तर बाई फाटते, बाळाच्या मानेला हिसका बसतो. हे मला ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नव्हतं, आईने शिकवलं होतं.

‘‘बाई! कडी!’’

‘‘कौसे!’’ बाहेरून आवाज आला. ‘‘कौसे, म्या हाय गं!’’

‘‘आई, आले!’’ मी ओरडले. ‘‘बाई, तुमच्या पाया पडते, उठा!’’ दुर्गाबाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले. बाहेर पावलं धावत आली, बाप्यांचे आवाज आले. दार एकदा धाडकन हादरलं. मग कडी वाजली नाही. बाळ माझ्या हातात पडलं आणि रडायला लागलं. मुलगा होता.

नाळ बांधली, कापली, पोर सासूच्या मांडीवर टाकलं आणि रक्ताच्या हातांनी कडी काढली. पायरीवर कुणी नव्हतं. पायरी ओली होती. आई उकिरड्याच्या कडेला पडलेली सापडली, डोक्याला मागून दगड लागलेला. श्वास चालू होता. दगड कुणाचा, हे पुढे कोर्टातही कळलं नाही. गडी गोठ्यातच गुडघ्यात मान घालून बसला होता. त्याला कुणी कुठे धाडलंच नव्हतं. आई आपली आपणच आली होती, गावात एक दार आपल्या ओळखीचं आहे म्हणून.

‘‘उघडलं असतं तर ते समदे आत घुसले असते,’’ दुर्गाबाई दारात येऊन रडत म्हणाल्या. ‘‘सुनंच्या अंगावर धड कापड नव्हतं, सिस्टर.’’

खोटं नसेलही ते. पण मला त्या बाईची कीव येत नाही. तेव्हा आली नाही, आजही येत नाही. सर्जेरावाला पाळण्यात घालण्याआधी ज्या हातांनी धुतलं होतं, ते हात तिच्या दारावर वाजत होते.

आईला गोठ्यात ओढून घेतलं आणि रात्रभर डोकं मांडीवर घेऊन बसले. वस्तीतली माणसं रानात पांगली होती. सकाळी पोलिसांची गाडी आली, तिच्यात घालून आईला जालन्याच्या दवाखान्यात आणलं. वसंता बदनापूरहून धावत आला. त्याला बघून आईने डोळे उघडले, ‘‘वसंता, जेवलास का?’’ विचारलं आणि पुन्हा मिटले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. सांगायची गरज नव्हती, त्या जखमेचं पुढे काय होतं ते मला कळत होतं.

मी त्याच लुगड्यात होते. त्यावरचं रक्त वाळून काळं पडलं होतं. त्यातलं पुष्पाचं कुठलं आणि आईचं कुठलं, ओळखायला मार्ग नव्हता. संध्याकाळी आई पुन्हा जागी झाली. तिने माझ्याकडे नीट, बराच वेळ बघितलं. माझ्या जिवात जीव आला.

‘‘सिस्टर,’’ ती म्हणाली, ‘‘पानी देता का जरासं?’’

जन्मात कधी तिने मला अहोजाहो केलं नव्हतं. मी चमच्याने पाणी पाजलं. ‘‘आई, मी आहे गं. कौसी.’’

तिने मान हलवली. माझं म्हणणं तिला पटलं नव्हतं, पण दवाखान्यातल्या बाईला तोंडावर खोटं कसं पाडायचं! मग माझा हात धरून, आजूबाजूला बघत, हळू आवाजात म्हणाली, ‘‘सिस्टर, एक काम करता का? माझी लेक पाटलाच्या घरात हाय. म्या लई येळ कडी वाजवली, उघडून न्हाई राह्यले. गरिबाचं कोन ऐकतंय? तुमचं ऐकतील ते. तुम्ही जरा आवाज द्या ना.’’

‘‘देते,’’ मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

ती त्यानंतर एक रात्र जगली. वसंताला तिने दर वेळी ओळखलं, त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मला मात्र शेवटपर्यंत सिस्टरच म्हणत होती, आणि आवाज दिला का म्हणून पुन्हा पुन्हा विचारत होती.