रेक्स होस्किंगचा ए एम

पोर्ट टेरिनच्या, हिरवळीवर गोळे घरंगळवणाऱ्यांच्या बोल्स क्लबात वर्षातून एकदा प्रश्नमंजूषा होते, आणि दरवर्षी मर्ल ट्रेविथला प्रश्न पडतो की एवढं अज्ञान एका छपराखाली मावतं तरी कसं. निवृत्त होईपर्यंत तिने इथल्याच पोरांना विज्ञान शिकवलं. तीच पोरं आता टक्कल आणि ढेऱ्या घेऊन समोर बसतात, बिअर ढोसतात आणि वटवाघळाला पक्षी म्हणून मोकळी होतात. तरी मर्ल माइक सोडत नाही. प्रश्न विचारणाऱ्याचा निर्णय अखेरचा, असा क्लबचा नियम आहे, आणि अखेरचा शब्द आपला असणं तिला मनापासून आवडतं.

यंदाची शेवटची फेरी ‘ए एम’ या दोन अक्षरांवर होती. कल्पना तिच्या धाकट्या बहिणीची, डेल्माची. डेल्माचा नवरा रेक्स होस्किंग हा क्लबचा अध्यक्ष. ऑस्ट्रेलिया दिनाला सरकार ज्यांना मान देतं त्यांच्यातल्या काहींच्या नावापुढे ही अक्षरं लागतात, आणि रेक्सच्या मित्रांनी त्याचं नाव कॅनबेराला धाडलं होतं. काय दिवे लावले होते रेक्सने? वर्षानुवर्षं खुर्ची अडवली होती. मैदानाला पाणी द्यायचे नळ बदलले होते, तेही दुसऱ्यांच्या हातांनी. एवढ्यासाठी त्याच्या खालचा, ‘ओ ए एम’ हा तीन अक्षरी बिल्लासुद्धा जास्त झाला असता, पण त्याचं नाव काढलं की रेक्स नाक मुरडायचा.

ज्याला मान द्यायचा त्याला आधी पत्र येतं. घेणार का, असं विचारतात आणि यादी जाहीर होईपर्यंत तोंड बंद ठेवायला सांगतात. हे अख्ख्या गावाला ठाऊक. त्यामुळे नाताळाच्या सुमारास रेक्स अचानक गप्प झाला, कोणी विचारलं की ओठांवर बोट ठेवून गालात हसू लागला, तेव्हा गावाने काय समजायचं ते समजून घेतलं. बिल्ला घ्यायला ॲडलेडला गव्हर्नरांच्या बंगल्यावर जाताना कोणती हॅट घालणार, असं बायका डेल्माला विचारू लागल्या. यादी सोमवारी येणार होती.

शनिवारी प्रश्नमंजूषा सुरू व्हायच्या आधी रेक्सने मर्लला बिअरच्या थंड खोलीत गाठलं.

“ती शेवटची फेरी गाळून टाक,” तो म्हणाला.

“का?”

“पत्र आलंच नाही.”

पिंपांच्या मधोमध उभा असलेला हा गृहस्थ आपल्या घरचा जावई आहे याची मर्लला नव्याने शिसारी आली.

“मी कुठे म्हटलं आलं म्हणून? मी नुसता गप्प बसलो. लोकांनीच काय ते ठरवलं.”

“डेल्माला माहीत आहे?”

“छे. सोमवारी सांगीन, ऐनवेळी मीच नको म्हणालो म्हणून.”

“अरे, खोटं बोलायलाही थोडी अक्कल लागते,” मर्ल म्हणाली. “फेरी तिने मागितलीय, ती होणार. आत्ता बाहेर जा आणि बायकोला खरं सांग.”

तो बाहेर गेला आणि बायकोच्या शेजारी बसून खिमा भरलेली पेस्टी खाऊ लागला.

शेवटची फेरी आली. घड्याळात ए एम म्हणजे दिवसाचा कोणता भाग? रेडिओवरून शेताशेतांत क्रिकेट पोचवणाऱ्या लहरींचा तो कोणता प्रकार? धूर झाला की केकाटणाऱ्या छतावरच्या डबीत असतो तो ए एम धातू कोणता? गिटारवर कोणते सूर एकत्र छेडले की ए एम वाजतो? आणि पाचवा, डेल्माने स्वतः घातलेला प्रश्न: आपल्या गावात ही अक्षरं आता कोणाच्या नावापुढे लागणार?

रिवाजाप्रमाणे टेबलांनी आपापसांत कागद बदलले आणि मर्ल उत्तरं सांगू लागली. अमेरिशियम म्हटल्यावर कुजबुज झाली. कोणीतरी ॲल्युमिनियम लिहिलं होतं आणि अर्धा गुण मागत होतं. “शून्य,” मर्ल म्हणाली. या लोकांना आपण शिकवत होतो की गुरं राखत होतो, हेच तिला कळेना.

पाचव्या उत्तरापाशी ती थांबली. सगळ्या माना रेक्सकडे वळल्या. ती मुद्दाम थांबून राहिली. अजूनही वेळ होती. त्याने उठून एक वाक्य बोलायचं होतं.

रेक्सने ओठांवर बोट ठेवलं. लोक खूश होऊन हसले. डेल्मा मात्र नवऱ्याकडे टक लावून बघत होती, आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. वटवाघळाला पक्षी म्हणणाऱ्या या मंडळींपुढे आपल्या बहिणीचं हसं व्हायचं? त्यापेक्षा सोमवारपर्यंत तरी झाकून जाऊ दे.

“बरोबर उत्तर, रेक्स होस्किंग,” ती म्हणाली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

डेल्मा उठली. “उत्तर चूक आहे.”

टाळ्या विरल्या.

“कोणाच्याच नावापुढे लागणार नाहीत. आमचं टपाल रोज मी आणते. पत्र आलेलं नाही.” ती नवऱ्याकडे वळली. “महिनाभर वाट बघतेय मी, आज सांगशील, उद्या सांगशील. एवढ्या लोकांत विचारलं तर तरी लाज वाटून बोलशील, म्हणून तो प्रश्न घातला होता.”

रेक्सने खाकरून घसा साफ केला. “प्रश्न विचारणाऱ्याचा निर्णय अखेरचा असतो, डेल्मा. क्लबचा नियम आहे.”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. डेल्माने हळूच मान वळवून मर्लकडे पाहिलं.

“तुला माहीत होतं ना गं?”

मर्लच्या हातात माइक चालू होता.

“त्याचं सोड, तो तसलाच आहे,” डेल्मा म्हणाली. “पण तू? मला खरं झेपणार नाही असं तू ठरवलंस? या सगळ्यांसारखी मीही तुला बिनडोकच वाटते ना?”

मर्लने मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

डेल्माने रेक्सपुढे हात पसरून गाडीची किल्ली मागितली आणि त्याने ती मुकाट्याने दिली. दाराकडे जाताना ती बहिणीपाशी क्षणभर थांबली. मर्ल त्यांच्याच गाडीतून आली होती.

“तुला घरी सोडायला कोणीतरी बघ,” डेल्मा म्हणाली. “इतके विद्यार्थी आहेत तुझे.”