रोही कुठून आला

दत्तरावांच्या सांगण्यात रोहीला आता जोडीदार मिळाला होता.

"एक न्हाई, दोन होते," दुकानाच्या पायरीवर बसून ते सांगत होते. "म्होरला उडी मारून गेला. मागला मधीच थांबला. एवढं धूड मधी उभं राहिल्यावर पोरगं काय करंल? घातली गाडी माझ्या कापसात."

ते पोरगं, म्हणजे शिवकांत, आत गूळ तोलत होता. कपाळावरच्या टाक्यांना घाम लागून चुणचुणत होतं. आपल्याच अपघाताची गोष्ट तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होता आणि दर खेपेला त्यात काहीतरी नवीन निघत होतं. परवापर्यंत रोही एकच होता.

रोही म्हणजे नीलगाय; घोड्याएवढं, राखी अंगाचं हे रानजनावर पेडगावच्या शिवारात नवं नाही. रोही आडवा आला आणि मोटारसायकल पडली, असं महिन्यातून एकदा तरी कानावर येतंच. त्यामुळे शाळेची मुलं घेऊन परभणीहून येणारी शिवकांतची व्हॅन कालव्याजवळच्या वळणावर रस्ता सोडून खाली गेली, तेव्हा सगळ्यात आधी धावत आलेल्या दत्तरावांनी दार उघडत विचारलं होतं, "रोही आडवा आला, व्हय रे?"

कपाळाचं रक्त डोळ्यांत ओघळत असलेल्या शिवकांतनं म्हटलं होतं, "हं."

बस्स, तेवढंच. पुढचं सगळं गावानं पूर्ण केलं.

बाकीची मुलं आधीच आपापल्या घरी उतरली होती. गाडीत एकटी भक्ती होती, लिंबाजी पाटलांची तिसरीतली मुलगी. तिचं घर गावाबाहेर, आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, म्हणून ती नेहमी शेवटी उतरायची. तिचा डावा हात मोडला होता. लिंबाजीनं तक्रार केली नाही, रागावलाही नाही. रोह्यावर कुठं तक्रार करणार?

गिऱ्हाईक आणि दत्तराव गेल्यावर शिवकांतच्या वडिलांनी, शिवकुमार यांनी, गल्ल्यावरून मान वर केली. "गाडी उद्या गॅरेजातून येईल. सोमवारपास्नं लेकरांना न्यायचं. पालकांचे फोन यायलेत."

"बाबा, मला आठवत न्हाई."

"काय आठवत न्हाई?"

"रोही. म्हणजे आठवतो. पण कवा डावीकडून येतो, कवा उजवीकडून."

"जनावर काय विचारून येतं का, कुठून येऊ म्हणून? खामखा डोक्याला ताण देऊ नकोस. डॉक्टर म्हनले की, डोक्याला मार हाय, आठवल हळूहळू."

"आदल्या रातचं पाहुण्यांना लातूरला सोडून आलो आपण. झोप झाली न्हवती माझी."

वडिलांनी हातातला कागद उगाच दोनदा दुमडला. "सकाळी आल्यावर झोपला होतास की जरासंक." मग त्यांनी रेडिओ लावला.

शिवकांतची अडचण खरोखर विचित्र होती. त्याला रोही दिसत होता. डोळे मिटले की दिसत होता. राखी अंग, लांब मान आणि त्याच्याकडे वळलेला एक काळा, ओला डोळा. पण हे आपण तेव्हा पाहिलं, की ऐकून ऐकून नंतर पाहू लागलो, हे त्याला कळत नव्हतं. आणि ते कळल्याशिवाय सोमवारी गाडीत मुलं कशी बसवायची, हेही कळत नव्हतं. रोही खरा असेल तर तो बिनदोष होता. रोही खोटा असेल तर मग त्या वळणावर गाडी कोण चालवत होतं?

आजोबा, मन्मथअप्पा, सकाळची लिंगपूजा आटोपून, भस्माची बोटं कपाळावर तशीच ठेवून बाहेर आले. बाप-लेकांचं बोलणं त्यांनी आतून ऐकलं होतं. ते एवढंच म्हणाले, "चल, पाय मोकळे करून येऊ."

दोघं चालत कालव्यापाशी आले. अप्पा तिथल्या पुलाच्या कठड्यावर बसले आणि काठी गुडघ्यांत धरून त्यांनी विचारलं, "हं. कुठून आला म्हणालास?"

"डावीकडून."

"बघ डावीकडं."

डावीकडं कालवा होता. दोन्ही बाजूंना सिमेंटचा गुळगुळीत उतार आणि काठोकाठ पाणी.

"मग उजवीकडून आला असंल, अप्पा."

"असंल. बघ."

उजवीकडं दत्तरावांचा कापूस होता. त्याला चारी बाजूंनी विजेच्या झटक्याची तार. यंदा ही तार लावल्यापासून आपल्या वावरात एक रोही शिरला नाही, हे दत्तराव ज्याला त्याला छाती फुगवून सांगत. व्हॅन तोडून गेली होती तेवढ्या जागी नवे खांब रोवलेले दिसत होते.

"रस्त्यानं सरळ चालत आला असंल," शिवकांत म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला वकिलासारखा वाटला.

"आला असंल," अप्पा म्हणाले. "त्याला कोण अडवतंय?"

शिवकांत वळणापर्यंत चालत गेला. डांबरावर ब्रेकची काळी रेघ शोधू लागला. आधी वळणाच्या अलीकडं, मग पलीकडं. रेघ नव्हती. मधे पाऊस पडला नव्हता, की रस्ता कोणी झाडलेला नव्हता. जिथं रस्ता वळतो तिथं चाकं न वळता सरळ कडेच्या मातीत उतरली होती. ती खूण मात्र अजून तशीच होती. जणू वळण तिथं नव्हतंच.

तो परत आला. "अप्पा, तुमाला काय वाटतं?"

"मी कुठं होतो इथं?" अप्पा म्हणाले. "दत्तराव बी नव्हता. तो आवाज ऐकून आला. तुझा बाप दुकानात होता. इथं कोण होतं?"

"मी होतो."

"अजून?"

शिवकांतनं आखाड्याच्या वाटेकडं पाहिलं. "भक्ती होती."

"तिला विचारलंस?"

"तिला कसं विचारू? लेकराचा हात मोडलाय."

"हात मोडलाय," अप्पा उठत म्हणाले. "तोंड न्हाई मोडलं. पण तू सांगशील आन् ती हो म्हणंल, असं विचारू नको. पहिल्यापासून विचार. आन् मधी बोलू नको." एवढं सांगून ते काठी टेकत गावाकडं वळले. शिवकांत त्यांच्याबरोबर जाण्यासाठी चार पावलं गेला, थांबला, आणि आखाड्याच्या वाटेला लागला.

लिंबाजीची आई, पंचफुलाबाई, अंगणात शेंगा फोडत बसली होती. "ये रं बाबा," ती म्हणाली. "लय दिवसांनी वाट सापडली. मला वाटलं, तुला बी रोह्यानं नेलं."

"आजी, भक्ती कुठंय?"

"असंल की तिथं, निंबाखाली. तिला काय, शाळा न्हाई, अभ्यास न्हाई. एका हातानं समद्या घराला नाचवायली." आणि चहा टाकायला ती आत गेली.

भक्ती कडुनिंबाखाली बाजेवर बसली होती. गळ्यातल्या झोळीत प्लास्टरचा हात. त्या प्लास्टरवर निळ्या पेनानं एक जनावर काढलेलं होतं. लांब मान, चार काठ्यांसारखे पाय.

"हे कोण?" शिवकांतनं विचारलं.

"रोही. शिंगं काढायची राहिलीत. दादा, तुझ्या कपाळावर बी काढू का?"

शिवकांतनं ते चित्र पुन्हा एकदा पाहिलं. म्हणजे हिनंही पाहिला होता. आता उठावं आणि घरी जावं, सोमवारी गाडी काढावी. तो उठलाही. पण अप्पांचं 'पहिल्यापासून' त्याला आठवलं आणि तो पुन्हा बाजेच्या कडेवर टेकला.

"भक्ती, त्या दिवशी राम त्याच्या घरी उतरला. मग आपण काय केलं?"

"मी पुढं येऊन बसले."

"मग?"

"मग कोडी. तू घातलेलं मी लगेच ओळखलं, कणीस होतं ते. मग मी घातलं. मी रचलेलं."

"कोणतं?"

"तुला आठवत न्हाई?"

"न्हाई गं."

तिनं संशयानं त्याच्याकडं पाहिलं, मग पाठ म्हणावं तसं म्हटलं, "हिरवी पेटी, आत मऊ गादी. कुलूप न्हाई, किल्ली न्हाई. ऊन म्हणलं उघड, की उघडली."

शिवकांतनं डोकं खणून पाहिलं. कणीस आठवलं. पेटी आठवली नाही, गादी आठवली नाही. हे शब्द तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होता.

"मग मी काय म्हणालो?"

"काय न्हाई. तू विचार करायलतास."

"तुला कसं कळलं, मी विचार करतोय?"

"डोळे मिटले होतेस की तू," भक्ती म्हणाली. "मी बी तसंच करते. डोळे मिटले की उत्तर लवकर येतं."

निंबाची पिवळी पानं बाजेवर पडत होती. शिवकांतला ती पडताना दिसत होती, पण ती वरून येतात की कुठून, हे क्षणभर उमजेना.

"मग तू मला हाक का न्हाई मारलीस?"

"कोणी विचार करत असलं तर मधी बोलायचं न्हाई. आमच्या बाई म्हणतात. मी गुमान बसले. मनात आकडे मोजायले. म्हणलं, शंभर झाले की तू हरलास." ती थोडी थांबली. "शंभर झालेच न्हाईत."

"आन् रोही?" त्यानं विचारलं. "रोही कवा आला?"

"रोही तर नंतर आला. दवाखान्यात."

"दवाखान्यात?"

"दत्तूआजोबा सांगायलते ना सगळ्यांना, तवा. म्हणून मग मी काढला. आता दोन होते म्हणतात. पण दुसऱ्याला जागाच न्हाई हातावर."

"हे तू कोणाला सांगितलं न्हाईस? डोळ्यांचं?"

"कोणी विचारलंच न्हाई. सगळे विचारतात, दुखतंय का." मग ती पुढं वाकली. "दादा, हरलास का? सांगू उत्तर?"

तेवढ्यात लिंबाजी वावरातून आला. पाठीवर कापसाचं गाठोडं होतं. "काय रे शिवा, टाके काढले का?" त्यानं हसून विचारलं.

शिवकांत उभा राहिला. काय बोलायचं ते त्यानं ठरवलं नव्हतं आणि जे निघालं ते सरळ निघालं नाही. "काका, रोही नव्हता. म्हणजे मला दिसतो, अजून बी दिसतो. पण नव्हता. मला झोप लागली होती."

लिंबाजीनं गाठोडं खाली ठेवलं. "कोण म्हणलं?"

"भक्तीनं सांगितलं. म्हणजे मी विचारलं."

"लेकरू हाय ते. काय बी बोलतं."

"तिला कळलं न्हाई ती काय बोलली ते. म्हणून तर खरं वाटायलंय."

लिंबाजी मुलीकडं पाहत राहिला, मग तिच्या हातावरच्या निळ्या जनावराकडं. गाठोड्याची गाठ सुटली नसतानाही त्यानं ती पुन्हा आवळली. "मला रोहीच बरा होता रे," तो म्हणाला. "त्याला शिव्या दिल्या की रातची झोप यायलती. आता तुला काय म्हणू? सांग तूच."

शिवकांतनं कपाळावरच्या टाक्यांवरून हात फिरवला.

"सोमवारी?" लिंबाजीनं विचारलं.

"मी न्हाई चालवणार."

"कायमचं?"

"ते कळत न्हाई, काका."

लिंबाजी गाठोडं उचलून आत निघून गेला. दारात कपबशी घेऊन उभी असलेली पंचफुलाबाई तो गेला त्या दिशेला बघून म्हणाली, "येईल त्याचा राग खाली, न्हाई तर न्हाई येणार. तू चहा पी. निवायलाय." चहा गोड होता की कडू, हे शिवकांतला संपल्यावरही सांगता आलं नसतं.

जाताना भक्तीनं त्याचा सदरा धरला. "हरलास ना?"

"हरलो."

"कापसाचं बोंड," ती विजयानं म्हणाली. "एवढं सोपं. तू पडला होतास त्याच्यातच."

परतताना तो वळणावर थांबला नाही. तरीही रोही आलाच. या वेळी कालव्यावरून आला, भरल्या पाण्यावरून, पाय न भिजवता. आणि तोच काळा डोळा त्याच्याकडं वळवून निघून गेला. नव्हता, हे माहीत असूनही तो अंग चोरून बाजूला सरला.

दुकानात वडील होते आणि पायरीवर दत्तराव होते. अप्पा आत खाटेवर बसले होते. काउंटरवर व्हॅनची किल्ली पडली होती. गाडी एक दिवस आधीच आली होती.

"या, रोहीवाले," दत्तराव म्हणाले.

"दत्तरावकाका, यंदा तुमच्या वावरात किती रोही शिरले?"

"एक न्हाई. एवढी तार लावलीय, फुकट हाय का?" दत्तराव अभिमानानं म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचा आवाज हळू होत गेला. त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"मला झोप लागली होती, बाबा," शिवकांत म्हणाला. "आत्ता लिंबाजीकाकांना सांगून आलो."

वडिलांचा हात तराजूवर तसाच राहिला. पारडं खाली-वर होत होतं, ते थांबायला वेळ लागला. "लातूरला मीच नेलं तुला," ते म्हणाले. ते शिवकांतला सांगत होते, की दत्तरावांना, की स्वतःलाच, हे कोणाला कळलं नाही. मग त्यांनी काउंटरवरची किल्ली उचलली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

"सोमवारी मी नेतो लेकरांना," ते म्हणाले. "तू बाजूला बस. रस्ता दाखव."

"रस्ता तुमाला माहीत हाय की."

"तरी बस."

शिवकांत गुळाच्या ढेपेपाशी जाऊन बसला. त्याची मान कलली, डोळे आपोआप मिटले, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्यापुढं काही उभं नव्हतं. निदान सुरुवातीला तरी नव्हतं.

"झोपू द्या त्याला," अप्पा आतून म्हणाले. "गिऱ्हाईक आलं तर मी बघतो."