खल्याव ड्युटी हाय

बोलायला बसण्याआधी तुळजामावशीने एकच गोष्ट कबूल करून घेतली होती. "माझा नाव कुठं येवाला नको, बाय. त्या भूपेशच्या कानाव गेला, तर दुसरे दिवशी मना गेटवरूनच परत धाडील."

सुकन्याने तिचा हात हातात घेऊन शब्द दिला. देताना मनात काडीचंही कपट नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे जे झालं त्यात तिच्या बाजूने बोलायला एवढंच सापडतं.

तुळजा नात्याने कुणी मावशी नव्हे, दापोड्यातली माहेरची शेजारीण. सुकन्याची आई शेतावर गेली की ही पोर तुळजाच्या कडेवर. पुढे शेतांची गोडाऊनं झाली, पोरगी भिवंडीच्या कॉलेजात अर्थशास्त्राची प्राध्यापिका झाली, आणि विधवा तुळजा घरामागच्याच एका गोडाऊनमध्ये खोक्यांना टेप मारायला लागली. तिथे कामाला बायका पुरवायचं कंत्राट गावच्याच भूपेशकडे होतं. गुडघे गेलेल्या बाईला चालत जाता येईल अशी दुसरी ड्युटी आसपास नव्हती.

त्या गोडाऊनच्या दर्शनी भिंतीवर 'हरित गोदाम' असा हिरवागार बोर्ड होता. मागे नाल्याकडेला मात्र मालावरून उतरवलेलं प्लॅस्टिक रोज शिफ्ट सुटताना पेटवत, आणि पेटवायचं काम या बायकांचंच. तुळजाचा खोकला हटत नव्हता. हे सगळं तिने सुकन्याला सांगितलं, विश्वासाने सांगितलं.

कॉलेजात परिषद भरणार होती: 'शाश्वतता, उद्योग आणि श्रम'. सुकन्याने निबंध लिहिला. बाईचं नाव बदललं, गाव बदललं, वय कमी केलं, खोक्यांच्या जागी कपड्यांच्या गाठी आणल्या. विभागप्रमुख नबीला मॅडमनी विचारलं, "ओळखू येण्यासारखं काही राहिलं नाही ना?"

"काही नाही," सुकन्या म्हणाली. तिला तसंच वाटत होतं.

निबंधाला तिने नाव दिलं, 'खल्याव ड्युटी हाय'. गोडाऊन उभं राहिलं त्या जागी तुळजाच्या सासरचं खळं होतं, भात झोडायचं. तुळजा अजून त्या गोडाऊनला खलंच म्हणायची. सुकन्या या एका शब्दावर लुब्ध झाली होती. लहानपणापासून घरोघरी ऐकलेला तो शब्द, तिच्या लेखी तो अख्ख्या गावाचा. गावाचा शब्द वापरला म्हणून कुणा एकीकडे बोट कसं जाईल?

परिषदेत तज्ज्ञांची रेलचेल होती. पुण्याहून आलेल्या एका सरांनी चक्राकार अर्थव्यवस्थेची इतकी चक्रं फिरवली की मागच्या दोन रांगांना डुलक्या लागल्या. दुसऱ्या बाईंनी कागद वाचवा असं सांगत जाडजूड निबंध वाटला. पहिल्या रांगेत भूपेश बसला होता, खांद्यावर नुकतीच मिळालेली शाल. परिषदेचं जेवण आणि पाहुण्यांच्या कापडी पिशव्या त्याच्याकडून होत्या. सुकन्याने त्याला पाहिलं आणि ओळखीचं हसलीसुद्धा. इतकी ती निर्धास्त होती.

तिचा नंबर आला. आपल्या निबंधाचं नाव तिने तुळजाच्याच हेलात उच्चारलं, "खल्याव ड्युटी हाय." सभागृह सावरून बसलं. सगळे गंभीर झाले. एक माणूस तेवढा खुदकन हसला. भूपेश. घरातल्या कुणाची नक्कल ऐकल्यावर माणूस हसतो तसा, अगदी मायेने.

त्याला कळलं होतं. त्याला कळलं, हे सुकन्यालाही कळलं.

आणि अजून प्लॅस्टिकचा भाग यायचा होता. तिला थांबता आलं असतं. दोन पानं उलटून सरळ निष्कर्षावर जाता आलं असतं, वेळ कमी आहे म्हणाली असती तर अध्यक्षांनी हातच जोडले असते. पण सभागृह तिच्या मुठीत होतं. पुण्याचे सर पेन काढून लिहून घेत होते. इतक्या वर्षांत तिचं कुणी असं ऐकलं नव्हतं. तिने ती दोन्ही पानं वाचली, आणि चांगली वाचली. भूपेशचं हसू कधी मावळलं ते तिने मुद्दामच पाहिलं नाही.

टाळ्या मात्र खूप पडल्या.

चहाच्या वेळी भूपेश बशी घेऊन जवळ आला. "मस्त बोललीस, ताई. तुळजाकाकी डोल्यासमोर उभी राहिली."

"छे रे! ती बाई आपल्याकडची नाही. शहापूरकडची."

"शहापूरला खळं बोलतात, ताई. खलं आपण. आपल्यातपन आता कोन बोलतो? पोरी गोडाऊन बोलतात, भय्या लोक गोदाम. अख्ख्या गोडाऊनमध्ये एकटी तुळजाकाकी. सुपरवायझर तिला हाकच मारतो, ए खलेवाली." त्याने बिस्किट चहात बुडवलं. "माझ्या पोटाव कशाला पाय देतेस? घरचीच ना तू?"

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने बिस्किट खाल्लं आणि गेला.

सुकन्याने पर्समधून फोन काढला. मावशीला आधीच सांगून ठेवायला हवं होतं, निदान सावध तरी. पण तेवढ्यात नबीला मॅडम कानाशी येऊन म्हणाल्या, "समारोपाला थांब हं. उत्कृष्ट निबंध तुझाच आहे." फोन पर्समध्ये गेला. बाहेर जाऊन दोन मिनिटं बोलली असती तर बक्षीस पळून जाणार नव्हतं. खरं कारण वेगळंच होतं. मावशीला फोन केला की टाळ्या संपल्या, आणि त्या तिला आणखी थोडा वेळ हव्या होत्या. ती समारोपाला थांबली, स्मृतिचिन्ह घेतलं, फोटोत हसली. लाज वाटत होती, तरी हसली.

दुसऱ्या दिवशी ती दापोड्याला गेली तेव्हा तुळजा ओट्यावर बसली होती. ड्युटीच्या वेळी बाई घरी, म्हणजे विचारायला काही उरलंच नव्हतं.

"गेटवरूनच धाडला," तुळजा म्हणाली. "ये, बस. तू कशाला रडवेली झालीस? तुझा काय दोष न्हाय. मना ठाव हाय कोनी सांगला. त्या रूपानी."

रूपा शेजारच्या घरातली. दोघी एका ड्युटीवर जायच्या आणि यायच्या.

"तिलाच ठाव होता ना, तू माझ्याशी बोलाला आलेलीस ते. सकालीच तिच्या दारात जाऊन बोलून आले. साऱ्या आलीसमोर. चुगलखोर बोलले, तुझा तोंड बघनार न्हाय बोलले." बोलता बोलता तिला खोकल्याची उबळ आली. "ती नुसती बघत रायली. एक शब्द बोलली न्हाय. खरा असंल म्हनूनच ना?"

गप्प बसणं किती सोपं होतं! मावशीनेच तिला सोडवून टाकलं होतं. सुकन्याने तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि तो हात तिला स्वतःलाच परका वाटला.

"मावशी, रूपामावशीने नाही सांगितलं. मी सांगितलं."

"तू नाव घेतलास?"

"नाव नाही घेतलं. तुझा शब्द घेतला. खलं. भूपेशने त्यावरून ओळखलं. ओळखलंय हे मला तिथंच दिसलं, तरी मी पुढचं वाचलं."

"दिसला तरी?"

"हो."

तुळजाने शिव्या दिल्या असत्या तर सुकन्याने आनंदाने ऐकल्या असत्या. पण ती भिंतीला धरून उठली. "चल. तिथं सगल्यांसमोर बोललीस ना? आता रूपासमोर बोल."

रूपा दारातच तांदूळ निवडत होती. तीही ड्युटीवर गेली नव्हती. सुकन्या उभ्या उभ्याच बोलली. सभागृहात मोत्यासारखी वाक्यं गुंफणाऱ्या बाईला इथे धड एक वाक्य पुरं करता येईना. आळीतल्या दोन-तीन बायका हातातलं काम टाकून ऐकत होत्या. टाळी कोण वाजवणार!

रूपाने सगळं ऐकून घेतलं. सुकन्याकडे तिने मान वळवूनही पाहिलं नाही.

"सकाली गेटवर तुना परत धाडला ना," ती तुळजाला म्हणाली, "तवा तुझ्या मागनं मीपन बोलले, ही न्हाय तर मी न्हाय. तशीच घरा आले. तुना सांगाला तुझ्या दारात येनार होते, तेवढ्यात तूच माझ्या दारात आलीस."

तिने सूप उचललं, आत गेली आणि दार लावून घेतलं.

तुळजा त्या बंद दारापुढे उभी राहिली. सुकन्याने तिच्या दंडाला आधार द्यायला हात पुढे केला, तसा तिने तो हळूच बाजूला सारला.

"तू जा, बाय," ती म्हणाली. "मी हितं बसते. कधीतरी उघडील."