फुटक्या बरणीचा भाग

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. एका स्थानिक वाहिनीच्या दोन खोल्यांत माझे सारे आयुष्य गेले. दर रविवारी तेथे ‘कचऱ्याची शाळा’ हा कार्यक्रम होई. ओला आणि सुका कचरा वेगळा कसा करावा, हे निवेदिकाबाई दाखवीत आणि मी टिपत असे. पाहता पाहता घरोघरी दोन डबे आले. त्या दिवसांत मला तळहातावरील फोडासारखे जपत. मला गर्व झाला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

दोष एकच होता: आमचा कचरा खरा नव्हता. पडद्यावर बरा दिसावा म्हणून तो धुऊन-पुसून मांडला जाई. अशाच एका भागात बाईंनी काचेची फुटकी बरणी दोन बोटांनी उचलली, सुक्या कचऱ्याच्या पिशवीत तशीच सोडली आणि त्या हसून म्हणाल्या, “झालं! आहे काय त्यात?” ते हसू मी अगदी जवळून टिपले.

महिन्याभरात कचरा निवडणारी एक मावशी वाहिनीच्या दारात उभी राहिली. तिचा उजवा हात बांधलेला होता.

“ताई, लोक तुमचं बघून काच तशीच टाकतात हो. माझी दोन बोटं मिटत नाहीत आता. हातावर पोट आहे माझं.”

“मावशी, हातमोजे नव्हते का?” कार्यक्रमाच्या निर्मात्याने विचारले.

“होते की! काच कुठली त्यांची भीड बाळगते?”

बाईंचा चेहरा उतरला. “सर, चूक माझी आहे. आजच सांगून टाकते.”

“चूक कबूल केली, तर उद्या आपलं ऐकेल कोण?”

“ऐकलं म्हणूनच तर कापलं ना, साहेब!” मावशी म्हणाली.

बाईंनी माझ्यासमोर चूक सांगितली. मावशीने बांधलेला हात पुढे धरला. “पुढच्या रविवारी बघू,” निर्माता म्हणाला. तो रविवार आलाच नाही. बाईंनी नोकरी सोडली. ती फीत माझ्या पोटात, आणि मी कपाटावर धूळ खात आहे. लोकांना आवडतो म्हणून फुटक्या बरणीचा तो जुना भाग मात्र अजून दाखवतात.

म्हणून जे वाहिनीने सांगितले नाही, ते मी सांगतो. घरात काच फुटली, तर ती जाड कागदात गुंडाळा, वर ठळक अक्षरांत ‘काच’ लिहा आणि वेगळी द्या. मावशी अजून कामावर जाते. पिशव्या आता ती डाव्या हाताने उघडते.